आईचं हाड मऊ आहे, स्क्रू धरेल का?

वाचकाचा प्रश्न

दक्षिण नागपुरात राहणारे ४२ वर्षांचे एक वाचक आपल्या आईबद्दल लिहितात. आईचं वय ६९. दीड वर्षापासून कंबर दुखते. आता चालायला लागलं की दोन्ही पायांत मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात, आणि कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. एमआरआयमध्ये कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलेला दिसला, नसांची वाटही अरुंद झालेली. धंतोलीतल्या एका सर्जननी ऑपरेशन करून स्क्रू आणि रॉड टाकायला सांगितलं. मग हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे ३.१ आला, कंबरेचा उणे १.४. "हाड मऊ आहे, साधे स्क्रू धरणार नाहीत, सिमेंट भरावं लागेल," असं सर्जन म्हणाले. रामदासपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आधी तीन महिने हाड वाढवणारी इंजेक्शनं घ्या, मग ऑपरेशन. पुण्याचे दादा म्हणतात, परदेशी कंपनीचे उत्तमातले उत्तम स्क्रू टाकू, पैशाचं मी बघतो. अमरावतीच्या ताईंच्या शेजारणीचे स्क्रू ढिले झाले होते, म्हणून त्यांना ऑपरेशनच नको आहे. आणि आई म्हणते, "महालक्ष्म्या उठू दे बाप्पा, मग काय ते करा." महालक्ष्म्यांना अजून अडीच-तीन महिने आहेत.

आईला थंडीत दम्याचा त्रास होतो, तेव्हा गोळ्या सुरू असतात. मशेरीची सवय जुनी आहे. वाचक शेवटी विचारतात: "सगळ्यात पक्का धरणारा स्क्रू कोणता, तेवढं सांगा. मी चुकीचा निवडला आणि तो निघाला, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही."

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्क्रूबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, आणि आईंना चालताना बसावं लागतं हे एका ओळीत. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करतो, कारण स्क्रू कोणता याच्या आधी एक प्रश्न येतो. स्क्रू लागणारच आहेत का?

आईंच्या पायांत मुंग्या येतात त्या नसांवरच्या दाबामुळे. मणक्याच्या मागच्या बाजूचं थोडं हाड आणि जाड झालेला पडदा काढला की नसांना जागा मिळते. याला डीकॉम्प्रेशन म्हणतात. स्क्रू आणि रॉड हे त्यापुढचं वेगळं काम. सरकलेला मणका खालच्या मणक्याशी कायमचा जोडून टाकायचा, म्हणजे फ्यूजन करायचं, त्यासाठी ते लागतात. दोन्ही कामं एकाच वेळी करायची पद्धत इतकी रुळली आहे की घरच्यांना ते एकच ऑपरेशन वाटतं. २०१६ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात यावर दोन अभ्यास छापून आले. स्वीडनमधल्या २४७ पेशंटमध्ये, नुसता दाब काढलेले आणि शिवाय मणका जोडलेले, दोन्ही गट दोन वर्षांनी सारखेच होते. अमेरिकेतल्या ६६ पेशंटमध्ये जोडलेल्यांना थोडा जास्त फायदा दिसला. मग २०२१ मध्ये नॉर्वेतून २६७ पेशंटचा अभ्यास आला, तो तर खास सरकलेल्या मणक्याचाच होता, आणि त्यातही नुसता दाब काढणं कमी पडलं नाही.

आईंना स्क्रू नकोत, असा निकाल मी त्यांना न तपासता देणार नाही. मणका हलता असेल, पायांपेक्षा कंबर जास्त दुखत असेल, किंवा दाब काढण्यासाठी बरंच हाड काढावं लागणार असेल, तर जोडणं योग्य ठरतं. पण उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून असे एक्स-रे काढले आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. एमआरआय झोपून होतो. झोपल्यावर सरकलेला मणका जागेवर गेलेला दिसू शकतो, आणि तो किती हलतो ते कळत नाही. ते एक्स-रे नसतील तर आधी काढून घ्या. त्यावरून सर्जनना सरळ विचारा: "नुसता दाब काढून भागेल का? नसेल, तर का नाही?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला सर्जन तो स्वतःला विचारूनच आलेला असतो.

आता समजू की स्क्रू लागणार आहेत.

बल्लारशाच्या सागवानात स्क्रू पिळताना सुताराच्या मनगटाला जोर लागतो. आटे लाकडात रुततात आणि लाकूड त्यांना आवळून धरतं. सावरीच्या लाकडात तोच स्क्रू सहज फिरत जातो, आणि ओढला की भुशासकट हातात येतो. मणक्याला बाहेरून पातळ पण टणक कवच असतं, आत जाळीदार हाड. पाळी गेल्यानंतरची वर्षं, स्टिरॉइड, बैठं आयुष्य यांनी त्या जाळीचे धागे बारीक होत जातात, काही तुटतात. ढोबळ हिशेब असा की जाळीची घनता निम्मी झाली की ताकद जवळपास चौथाईवर येते. म्हणून रिपोर्टमधला आकडा थोडा खाली गेलेला दिसतो, पण आट्यांना धरायला उरलेलं हाड बरंच कमी झालेलं असतं.

दादांच्या म्हणण्याचं उत्तर इथेच आहे. त्यांची माया खरी आहे, पण त्यांनी पैसा लावायची जागा चुकीची निवडली आहे. चांगल्या दर्जाचे देशी स्क्रू आणि परदेशी स्क्रू सहसा एकाच प्रकारच्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. मऊ हाडात स्क्रू मोडत नाही. तो अखंड राहतो आणि भोवतालचं हाड त्याला सोडतं. सरळ ओढला जाऊन तो क्वचितच निघतो. माणूस उठतो, बसतो, कूस बदलतो, आणि दर वेळी स्क्रूचं टोक गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखं केसभर हलतं. असं हजारो वेळा झालं की भोक रुंदावतं. एक्स-रेत मग स्क्रूभोवती काळी कड दिसते. ताईंच्या शेजारणीला डॉक्टरांनी बहुधा तीच दाखवली असणार.

सुताराचं उदाहरण एका ठिकाणी तोकडं पडतं. लाकूड मेलेलं असतं, हाड जिवंत. स्क्रूला जन्मभर भार पेलायचा नसतो. दोन मणक्यांमध्ये घातलेलं हाड जुळून एक होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षभर, त्याने टिकायचं असतं. नंतर भार हाडच घेतं. स्क्रू आधी ढिला होतो की हाड आधी जुळतं, एवढीच ती शर्यत. ती जिंकायची तर पकड वाढवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच हाड लवकर जुळवणं महत्त्वाचं. तुमच्या घरातली सगळी चर्चा पहिल्या अर्ध्यावरच चालली आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत साठीच्या एका बाईंच्या मणक्यात मी स्क्रू पिळत होतो. मनगटाला जो विरोध लागायला हवा तो लागेना. भिजलेल्या खडूत शिरावा तसा स्क्रू आत गेला. मी तो तसाच ठेवला, रॉड कसली आणि जखम शिवली. चौथ्या महिन्यात काळी कड आली, सातव्या महिन्यात ऑपरेशन पुन्हा करावं लागलं. त्या बाई कित्येक वर्षं दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. मी विचारलंच नव्हतं. डेक्साही केली नव्हती. माझ्या हातातल्या स्क्रूत काही खोट नव्हती. तुमच्या पत्रात दम्याच्या गोळ्यांची ओळ वाचली आणि मला त्या बाईंचा चेहरा आठवला.

ऑपरेशनच्या टेबलावर सर्जनला पकड वाढवण्यासाठी बरंच काही करता येतं, आणि ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं, म्हणजे त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. सगळ्यात साधी गोष्ट भोकाची. घट्ट हाडात आधी भोक पाडून त्यात आटे कापून घेतात. मऊ हाडात भोक स्क्रूपेक्षा बरंच बारीक ठेवायचं आणि आटे आधी कापायचेच नाहीत, म्हणजे स्क्रू जाताना जाळी बाजूला दाबत जातो आणि ती त्याच्याभोवती दाटते. दुसरी गोष्ट जाडी-लांबीची. मणक्याच्या मागून पुढे जाणारा हाडाचा जो आखूड दांडा असतो, ज्याला पेडिकल म्हणतात, तिथे स्क्रूला निम्म्याहून जास्त पकड मिळते. स्क्रू तो दांडा भरून टाकेल इतका जाड हवा. फार जाड झाला तर दांडा फुटतो आणि खेटून जाणाऱ्या नसेला इजा होते, म्हणून हे माप सीटी स्कॅनवर आधीच घ्यायचं असतं. तिसरी गोष्ट दिशेची. डावा-उजवा स्क्रू आत एकमेकांकडे झुकवले की दोघांच्या मध्ये हाडाची पाचर अडकते आणि जोडी सहज उपसत नाही. २००९ साली आणखी एक मार्ग पुढे आला. त्यात स्क्रू आतून बाहेर आणि खालून वर असा तिरका नेतात, म्हणजे जाळीपेक्षा टणक कवचच आट्यांना जास्त लागतं. कधी एक मणका जास्त घेऊन भार चारऐवजी सहा स्क्रूंवर वाटतात. पण मग जखम मोठी होते आणि कंबर आणखी ताठ होते. आईंच्या वयाला मी हे शेवटी ठेवीन.

आणि सिमेंट. भिंत भुसभुशीत असली की भोकात आधी लाकडी खुंटी ठोकून मग स्क्रू पिळतात, तशातला हा प्रकार. पोकळ, टोकाला बारीक छिद्रं असलेला स्क्रू बसवतात आणि त्यातून दाट सिमेंट आत सोडतात, एका स्क्रूला साधारण एक ते तीन मिलीलिटर. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि स्क्रूच्या टोकाला गाठ बसल्यासारखी पकड येते. पकड वाढते, यात शंका नाही. मी स्वतः हे वापरलं आहे आणि पुन्हा वापरीन. पण सिमेंट म्हणजे नवं हाड नव्हे. ते कधी शिरेत शिरून फुप्फुसापर्यंत जातं, कधी नसांच्या बाजूला गळतं. बहुतेक वेळा याचा त्रास होत नाही, पण झाला तर मोठा होतो. पुढे जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू काढायची वेळ आली तर काम अवघड होतं. कडक झालेल्या मणक्याच्या वरचा मऊ मणका दबण्याचीही भीती असते. म्हणून विचारा: सगळ्या स्क्रूंना सिमेंट भरणार का निवडक, भरताना लाइव्ह एक्स-रे समोर असतो ना, भूलतज्ज्ञांना आधी कल्पना दिलेली असते ना, आणि तुम्ही असे किती केले आहेत. आईंचा दमा लक्षात घेता फुप्फुसाचा मुद्दा तुम्ही स्वतःहून काढा.

कंबरेचा आकडा उणे १.४ आहे, म्हणजे मणके तरी बरे आहेत ना, असं तुम्ही पत्रात मध्येच विचारलं आहे. या आकड्यावर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात. या वयात कंबरेच्या मणक्यांना बाजूने हाडाचे काटे फुटलेले असतात, सांधे जाड झालेले असतात, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं असतं. डेक्साचं यंत्र हे सगळं मणक्याच्या खाती जमा करतं, आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. खुब्याचा उणे ३.१ हा आकडा जास्त खरं बोलतोय. ऑपरेशनच्या आखणीसाठी सीटी होणारच असेल, तर रेडिओलॉजिस्टना कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या जाळीची घनता त्यावरच मोजून द्यायला सांगा. हाउन्सफील्ड एककात तो आकडा ११० च्या खाली आला तर हाड मऊ आहे हे जवळपास नक्की. वेगळी तपासणी नाही, वेगळा किरणोत्सर्ग नाही.

आता रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा सल्ला आणि आईंचा हट्ट यांच्याकडे एकत्र बघा. तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहिलेत आणि आईंचं म्हणणं अडथळा म्हणून लिहिलंत. पण महालक्ष्म्यांना अडीच-तीन महिने आहेत, आणि हाड तयार करायला डॉक्टरांनी तेवढेच मागितले आहेत. आई स्वतःच्या कारणासाठी थांबायला सांगतायत, आणि योगायोगाने तीच वेळ त्यांच्या हाडाला हवी आहे.

हे तीन महिने नुसते जाऊ द्यायचे नाहीत. या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या करा: कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड, थायरॉइड, किडनी, आणि साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी. हाड झिजण्यामागे दुसरा आजार नाही ना, हे फिजिशियनकडून बघून घ्या. व्हिटॅमिन डी कमी निघालं तर दचकू नका. नागपूरच्या उन्हात हे कसं, असं मला सगळे विचारतात. पण त्या उन्हाला भिऊनच आपण फेब्रुवारीपासून पडदे ओढतो, आणि बाहेर पडलोच तर स्कार्फ आणि दुपट्ट्यात डोळे तेवढे उघडे ठेवतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं व्हिटॅमिन डी बनत नाही. पातळी भरून काढायला डोस लागेल, तो डॉक्टर ठरवतील.

दम्याच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधा. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड आहे का, किती दिवस होतं, हे लिहून काढा. ती गोळी स्वतः बंद करू नका, अचानक थांबवणं धोक्याचं असतं. छातीच्या डॉक्टरांना इनहेलरवर भागवता येईल का ते विचारा. सांधेदुखीसाठी कुणी बिनलेबलच्या पुड्या देत असेल तर त्याही पिशवीत घालून न्या, कारण अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइडच निघतं.

मशेरीबद्दल मी कडक बोलणार आहे. निकोटिनमुळे हाडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि जुळणी लांबते. सिमेंटवर तुम्ही कितीही खर्च केलात तरी त्या शर्यतीत दुसऱ्या बाजूने मशेरी ओढत राहील. चाळीस-पन्नास वर्षांची सवय धमकावून सुटत नाही. घरात कुणी खर्रा खात असेल तर त्यानं आईंच्या सोबत सोडावा. एकट्या म्हातारीला उपदेश करण्यापेक्षा याचा उपयोग मी जास्त पाहिला आहे.

इंजेक्शनं म्हणजे बहुधा टेरिपॅराटाइड. आपल्या शरीरातल्या पॅराथायरॉइड हार्मोनचाच तो एक तुकडा आहे. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली. हाडाची झीज थांबवणारी औषधं वेगळी, हे नवं हाड घालणारं औषध आहे. जपानी सर्जननी २०१३ साली दाखवलं की कंबरेचं फ्यूजन झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये बिसफॉस्फोनेट या झीज थांबवणाऱ्या औषधापेक्षा याच्यावर स्क्रू ढिले होण्याचं प्रमाण कमी राहतं. ऑपरेशनआधी सुरू करून नंतरही चालू ठेवलं तर पकड आणि जुळणी, दोन्हीला हातभार लागतो. हाडाला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल, हाडाचा कॅन्सर असेल किंवा रक्तात कॅल्शियम जास्त असेल तर ते चालत नाही. मूतखडा होऊन गेला असेल तर सांगा. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही. दुकानातून घरी आणताना थर्मासचा डबा न्या आणि वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. भारतीय कंपन्या हे औषध बनवतात, तेव्हा किंमत दोन-तीन ठिकाणी विचारा. दादांना पैसा लावायचाच आहे तर तो इथे लावू द्या. आणि कोर्स संपल्यावर, साधारण दोन वर्षांच्या आत, ते मिळवलेलं हाड टिकवायला दुसरं औषध सुरू करावंच लागतं. ते राहिलं तर कमावलेलं परत जातं. त्या दुसऱ्या औषधाआधी दात काढायचे असतील तर आताच काढून घ्या.

जेवणात आईंना प्रोटीन पुरत नाही, हे मी न बघता सांगू शकतो, कारण आपल्याकडे सगळ्यांना वाढून उरलेल्या भाजीवर जेवणाऱ्या बायकांना ते पुरत नाही. ताटात वरण जास्त, दही, दोन वेळा ग्लासभर दूध. एका ग्लासात साधारण ३०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि दिवसाला १,००० ते १,२०० लागतं. अंडं चालत असेल तर रोज.

थांबायला एक अट आहे. लघवी अडली किंवा न कळता झाली, शौचाचा ताबा गेला, बसायच्या जागेची जाणीव बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, तर महालक्ष्म्या, इंजेक्शनं, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे स्क्रूच्या पकडीचा विचार दुसरा, नसा वाचवणं पहिलं. अशा वेळी सिमेंटचा मार्ग खरोखर उपयोगी पडतो, कारण हाड तयार करायला वेळच नसतो.

याच अंगाने इतर काही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहितो. खुब्याचं हाड मोडलं असेल तर तीन महिने थांबण्याचा प्रश्नच येत नाही. तब्येत साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं, कारण अंथरुणावर पडून राहिलं की फुप्फुसं आणि रक्ताच्या गाठी घात करतात. सांध्याच्या खालच्या भागात मोड असेल तर रॉड आणि एक मोठा स्क्रू बसवतात. तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्यात कुठे बसला यावर सगळं ठरतं. दोन्ही बाजूंच्या एक्स-रेत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शेंड्यापर्यंतची अंतरं मोजून बेरीज २५ मिलीमीटरच्या आत हवी, हे १९९५ पासून ठाऊक आहे. यासाठी महागडं काही लागत नाही, टेबलावरची शिस्त लागते. काही सर्जन स्क्रूऐवजी पिळदार पातं ठोकतात, त्यानं मऊ हाड बाहेर निघण्याऐवजी आतच दाबलं जातं. गोळ्याच्या मानेजवळ मोड असेल तर या वयात बहुधा गोळाच बदलतात आणि स्क्रूचा विषय संपतो. मनगट आणि खांद्याला लॉकिंग प्लेट वापरतात. तिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये आट्यांनी अडकतं, म्हणून एकेकटा स्क्रू हलत नाही, सगळे मिळून भार घेतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी राहून जाते. हाड जोडून पेशंट घरी जातो आणि हाड मऊ का होतं यावर औषध सुरूच होत नाही. खुबा मोडलेल्या पेशंटना वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड हे झीज थांबवणारं औषध दिल्यावर नवीन मोड ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, हे २००७ सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. डिस्चार्ज कार्डावर असं औषध किंवा त्याचा पुढचा बेत लिहिलेला नसेल तर विचारल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

आता ताई. त्यांच्या शेजारणीचे स्क्रू ढिले झाले हे खरं असेल. पण एक्स-रेतली काळी कड म्हणजे दर वेळी दुसरं ऑपरेशन नव्हे. स्क्रूभोवती थोडी जागा झाली, तोवर हाड जुळून गेलं, आणि बाई वर्षानुवर्षं चालत राहिल्या, असे पेशंट माझ्याकडे येत होते. ताईंना त्या काकूंना हे विचारायला सांगा: आधी डेक्सा झाली होती का, हाडाचं औषध चालू होतं का, आणि आता त्या किती चालतात?

तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. स्क्रू निघाला तर तुम्ही दोषी, असं तुम्ही आधीच ठरवून टाकलं आहे. सगळं नीट केलं तरी मऊ हाडात काही स्क्रू सुटतात. मी तीस वर्षांत ते शून्यावर आणू शकलो नाही, आणि तसं वचन देणाऱ्यापासून तुम्ही सावध राहावं. तुमच्या हातात तयारी आहे. तीन महिन्यांची तयारी करून जो निर्णय तुम्ही चौघं घ्याल, त्याच्यासाठी कुणाची माफी लागत नाही.

चौघं म्हणालो ते मोजून. तुम्ही, दादा, ताई, दोन डॉक्टर, सगळ्यांची मतं पत्रात आहेत. आईंचं एकच वाक्य आहे, आणि त्याच्यामागचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही. पुरणाच्या स्वयंपाकाला, सोळा भाज्यांना, मुखवट्यांसमोर बसायला त्यांना आणखी एक वर्ष हवं आहे का? पुढे खाली बसता येणार नाही अशी भीती आहे का? ती भीती अगदी निराधार नाही. ऑपरेशननंतर निदान तीन महिने वाकणं, वजन उचलणं, पाटावर बसणं बंद असतं, आणि संडासला कमोडची खुर्ची लागते. हे त्यांना आताच माहीत असू द्या. बाथरूममध्ये पकडायला दांडा आणि पायाखाली न सरकणारी चटई मात्र ऑपरेशनची वाट न बघता बसवा.

यंदा पातेली सुनांनी आणि मुलांनी उचलावीत, आईंनी खुर्चीवर बसून हे घाल, ते घाल सांगावं. महालक्ष्म्या उठल्या की पुढच्या आठवड्याची वेळ सर्जनकडे आजच घेऊन ठेवा. त्या दिवशी नवे एक्स-रे, सीटीवरचा आकडा, रक्ताचे रिपोर्ट आणि दम्याच्या गोळ्यांची चिठ्ठी एका फाइलमध्ये घ्या. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईंना बसवा, तुम्ही मागे उभे राहा. किती चालता येतं, काय करायला मिळावं असं वाटतं, हे आधी त्यांना सांगू द्या. स्क्रूचा प्रश्न त्यानंतर विचारा.